कोठ्यातली माशी नेमकी कोणती?

गेल्या आषाढात मी आमच्या गावी, वर्धा जिल्ह्यात, काकाजींच्या कोठ्यात सलग चार रात्री एरंडेल तेल चोपडलेले कोरे कागद टांगून ठेवले आणि रोज पहाटे ते उतरवून घेतले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे कोठा म्हणजे गुरांचा गोठा. या कोठ्याच्या भिंती मातीच्या आहेत, जमीन शेणाने सारवलेली आहे, एका कोपऱ्यात गव्हाण आहे आणि मागच्या बाजूला उकिरडा. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. काकाजींना हे ठाऊक असले, तरी त्या शिकवण्याचा त्यांच्या भिंतीशी काही संबंध असू शकतो हे त्यांना पटलेले नव्हते. पहिल्या संध्याकाळी ते दारात उभे राहून एवढेच म्हणाले, "काऊन रे, आता भितीलेबी तेल लावतं का?"

मला वाळूमाशी पकडायची होती. एरंडेल तेल चिकट असते, लवकर वाळत नाही आणि त्याला उग्र वास नसतो, म्हणून या माशीसाठी तेलकागदाचा सापळा फार जुन्या काळापासून वापरात आहे. प्रकाशाचा सापळा आणि तोंडाने ओढायची काचनळी ही साधनेही आहेत, पण विजेचा भरवसा नसलेल्या गावात कागदाइतके सोपे काही नाही. कागदावर अडकलेले कीटक बारीक कुंचल्याने उचलायचे, तेल धुऊन टाकायचे आणि अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचे, एवढेच काम. चार रात्रींनंतर माझ्याकडे सात कुप्या होत्या. आणि काकाजींकडे एक प्रश्न होता: "मंग हे आपली माशी बिमारी देते का नाही, इतकंच सांग ना." त्या दिवशी मला त्यांना सरळ उत्तर देता आले नाही, कारण "आपली माशी" ही एक माशी नव्हती.

आमच्या बोलीत चावणारे बारीक जे काही उडते ते सगळे मच्छर, आणि त्याहून बारीक असेल तर चिलट. वाळूमाशी या दोन्ही शब्दांत बेमालूम लपून जाते. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते, म्हणजे डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. अंगभर लव असते, रंग मातकट. बसलेली असताना ती पंख मिटत नाही, पाठीवर तिरके उभे धरते, आणि तेवढ्या एका खुणेवर ती डासापासून वेगळी ओळखता येते. ती गुणगुणत नाही. तिचे उडणेही दुबळे आहे. भिंतीवरून उठली की ती लहान लहान उड्या घेत सरकते आणि पुन्हा भिंतीलाच चिकटते. रक्त फक्त मादी पिते, तेही डासासारखी सुई खुपसून नव्हे. तिची सोंड आखूड असते, त्यामुळे ती कातडी करवतल्यासारखी फाडते आणि साचलेल्या रक्ताच्या थेंबातून पिते. म्हणून तिचा चावा आकाराच्या मानाने फारच झोंबतो. साधी मच्छरदाणी तिला अडवू शकत नाही. नेहमीच्या जाळीच्या छिद्रातून ती सहज आत शिरते.

आणखी एक फरक आहे, आणि तो न समजल्यामुळे आमच्या भागात बरीच मेहनत भलत्या ठिकाणी खर्च होते. वाळूमाशीच्या आयुष्यात पाण्याला जागा नाही. ती अंडी घालते ती ओलसर, सावलीतल्या, कुजक्या सेंद्रिय मातीत: भिंतीच्या पायथ्याच्या भेगा, गव्हाणीखालची शेणमाती, उंदरांची बिळे, उकिरड्याच्या कडा. अळी तिथेच कुजके पदार्थ खाऊन चार अवस्था पार करते आणि साधारण महिना-दीड महिन्यात माशी बाहेर येते. काही वर्षांपूर्वी एका शाळेत वाळूमाशीपासून सावध राहण्याविषयी लावलेला फलक मी पाहिला होता. त्यावर चित्र डासाचे होते आणि खाली सूचना होती ती टाकी कोरडी करण्याची आणि डबक्यात तेल टाकण्याची. सूचना वाईट नव्हती, डेंगीसाठी योग्यच होती, फक्त वाळूमाशीला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. माती चाळून या अळ्या शोधणे हे अभ्यासकांनाही नाकीनऊ आणणारे काम आहे. मी ओंजळभर शेणमाती तीन संध्याकाळ भिंगाखाली धरली आणि एकही अळी मला दिसली नाही.

जगात वाळूमाशीच्या सुमारे एक हजार जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या शंभराच्या आत-बाहेर जातींवरच रोग पसरवल्याचा आरोप सिद्ध झालेला आहे किंवा संशय आहे. म्हणजे दहांतली एक. भारतातल्या वाळूमाश्यांचा मोठा हिस्सा दोन वंशांत मोडतो, फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया. माणसाच्या रोगांच्या दृष्टीने पहिला वंश बदनाम आहे. दुसरा पाली, सरडे यांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रक्तावर जगणारा मानला जातो. कोठ्याच्या भिंतीवर दोन्ही शेजारीशेजारी बसलेल्या असतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या काढणे अशक्य असते.

ओळख पटवायची तर माशी आधी पारदर्शक करावी लागते. ती रात्रभर सौम्य दाहक द्रावणात ठेवायची, मग धुऊन काचपट्टीवर मांडायची, डोके सुईने वेगळे करून उलटे ठेवायचे, म्हणजे घशाचा भाग वरच्या बाजूला येतो. सर्जेंटोमियाच्या तोंडाच्या पोकळीत दातांची एक आडवी रांग दिसते, करवतीच्या पात्यासारखी. फ्लेबोटोमसमध्ये ती सहसा नसते. पोटाच्या पाठीकडच्या पट्ट्यांवरचे केस फ्लेबोटोमसमध्ये ताठ उभे असतात, सर्जेंटोमियामध्ये बहुतेक आडवे पडलेले. केस गळून गेले असतील तर त्यांची खोबण पाहायची: उभ्या केसाची खोबण गोल आणि मोठी, आडव्याची लहान आणि लांबट. इथपर्यंत वंश कळतो. जातीसाठी मादीच्या पोटातली, नराचे बीज साठवून ठेवणारी सूक्ष्म पिशवी शोधावी लागते; ती फ्लेबोटोमसमध्ये मणी ओवल्यासारखी खंडांची असते. नराचे त्यामानाने सोपे, कारण त्याच्या शेपटाकडचे पकडीसारखे अवयव बाहेरूनच दिसतात. एका माशीला मला पाऊण तास लागतो. सरावलेल्या माणसाला दहा मिनिटे पुरत असतील. पहिल्या दिवशी मी जी पिशवी म्हणून तासभर पाहत होतो तो हवेचा बुडबुडा निघाला, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माझ्या कुप्यांतल्या बहुतेक माश्या सर्जेंटोमिया निघाल्या. पण थोड्या फ्लेबोटोमसही होत्या, आणि त्यांतल्या काहींचे पाय दिव्याखाली रुपेरी चमकत होते. फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस या नावाचा अर्थच रुपेरी पायांची असा आहे. ही माशी विदर्भात असल्याचे आधीपासून नोंदलेले आहे, त्यामुळे मी काही नवा शोध लावला नव्हता. तरीही ती आपल्या घरच्या भिंतीवरून निघालेली पाहताना मी थोडा वेळ खुर्चीत मागे टेकून बसलो, कारण भारतात काळा आजार, म्हणजे प्लीहा आणि यकृत सुजवणारा लांबलचक ताप, पसरवणारी माशी हीच आहे.

काळ्या आजाराचा परजीवी, लीशमॅनिया डोनोव्हानी, हा एकपेशी जीव. माणसाच्या शरीरात तो प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींच्या आत राहतो, म्हणजे जंतूंना गिळून मारणे हेच ज्यांचे काम त्यांच्याच पोटात हा वाढतो. तिथे तो गोल आणि शेपटीविना असतो. माशीने रुग्णाचे रक्त प्यायले की तिच्या आतड्यात त्याचे रूप पालटते. तो लांबट होतो, त्याला चाबकासारखी शेपटी फुटते आणि तो पोहू लागतो. पण आता त्याच्यापुढे एक अडचण असते. प्यायलेल्या रक्ताभोवती माशीचे आतडे एक पातळ पडदा विणते, तीन-चार दिवसांत रक्त पचते, पडदा फाटतो आणि उरलेला गाळ शरीराबाहेर टाकला जातो. त्या वेळी परजीवी आतड्याच्या भिंतीला घट्ट धरून नसेल तर गाळाबरोबर तोही बाहेर जातो आणि त्याची गोष्ट तिथेच संपते. परजीवीच्या अंगावर साखरेच्या रेणूंचे एक आवरण असते आणि त्याच्या आधाराने तो भिंतीला चिकटतो. मात्र भिंतीवरची पकड आणि आवरणाची ठेवण एकमेकींना जुळली पाहिजे.

जातींचा प्रश्न इतका मोलाचा का, ते इथे उलगडते. फ्लेबोटोमस पपातासी ही आपल्याकडे घरांतून आढळणारी दुसरी माशी. तिच्या आतड्यात लीशमॅनिया मेजर या त्वचेच्या व्रणाच्या परजीवीला जुळणारी पकड आहे. काळ्या आजाराच्या परजीवीला ती नाही. पपातासीने काळ्या आजाराच्या रुग्णाचे रक्त प्यायले तरी रक्त पचताच परजीवी धुऊन निघतात. अर्जेंटिपीसच्या आतड्यात ते टिकतात, वाढतात आणि हळूहळू पुढे घशाच्या झडपेपाशी येऊन चिकट जेलीसारखा बोळा तयार करतात. मग माशीला नीट पिता येत नाही, ती पुन्हा पुन्हा चावते, आणि पिण्यापूर्वी तो बोळा जखमेत ओकते. तिच्या या अडलेल्या घशावरच परजीवीचा पुढचा सगळा प्रवास अवलंबून असतो. म्हणून एखाद्या माशीच्या पोटात परजीवी किंवा त्याचा डीएनए सापडला म्हणजे ती रोगवाहक ठरली असे होत नाही. ती माणसाला चावते का, रक्त पचल्यानंतरही परजीवी तिच्यात जगतो का, आणि तिच्या चाव्यातून तो दुसऱ्यात उतरतो का, हे सगळे दाखवावे लागते.

हे दाखवायला किती काळ लागला, तो इतिहास मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडतो. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे राहून गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांनी हे गोल कण पाहिले, मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हान यांना तेच दिसले, दोघांचे निष्कर्ष 1903 मध्ये प्रसिद्ध झाले आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून परजीवीचे बारसे केले. त्यानंतर वाहक कोण याचा शोध सुरू झाला आणि पहिला मोठा संशय ढेकणावर गेला. 1920 च्या दशकात जॉन सिंटन यांनी नकाशे ताडून पाहिले आणि काळा आजार जिथे आहे तिथे अर्जेंटिपीस आहे हे दाखवले; कलकत्त्यात त्याच सुमारास रुग्णांवर पोसलेल्या माश्यांच्या आतड्यांत शेपटीवाले परजीवीही दिसले. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे यूरिया स्टिबामाईन हे औषधही याच दशकातले. वाहकाचा पुरावा हाती येण्याआधीच त्याने अगणित माणसे वाचवली. पुराव्याचे घोडे मात्र अडले होते, कारण प्रयोगशाळेत माशी दुसऱ्यांदा चावेपर्यंत जगतच नसे. शेवटी लक्षात आले की रक्ताच्या पहिल्या घोटानंतर तिला दुसरे रक्त न देता मनुक्यांचा रस चाखू दिला तर ती जगते आणि परजीवीही तिच्यात भरघोस वाढतात. निसर्गात ती झाडांचा गोड रस पितेच. फक्त ते कोणी मनावर घेतले नव्हते. ही युक्ती वापरून स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी 1942 मध्ये आसामात स्वयंसेवकांवर रोगसंक्रमण सिद्ध केले. परजीवी सापडल्यापासून एकोणचाळीस वर्षांनी.

तर मग रुपेरी पायांची माशी काकाजींच्या कोठ्यात असूनही गावात काळा आजार का नाही? या रोगाचा मुलूख बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतल्या 54 जिल्ह्यांचा. महाराष्ट्र त्यात येत नाही. भारतातल्या काळ्या आजाराचा साठा जनावरांत नसून माणसांतच असतो असे मानले जाते: सक्रिय रुग्णांत, आणि बरे झाल्यावर काही वर्षांनी अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उठणाऱ्यांत. असा साठा नसलेल्या गावात अर्जेंटिपीस ही केवळ चावरी माशी असते. शिवाय परजीवी आईकडून अंड्यात उतरत नाही. प्रत्येक माशी कोरी जन्मते आणि तिला तो एखाद्या रुग्णाकडूनच मिळवावा लागतो. तिला गुरांचे रक्त अधिक आवडते, हेही बहुधा आमच्या पथ्यावर पडते. हिवतापासाठी 1950 च्या दशकात घरोघरी डीडीटी फवारली गेली तेव्हा बिहारमधला काळा आजारही जवळजवळ दिसेनासा झाला होता, आणि फवारणी ओसरल्यावर 1970 च्या दशकात तो जोमाने परतला. माशी गेलेली नव्हतीच. पुढे तिने डीडीटीला दाद देणे सोडले तेव्हा दुसरी कीटकनाशके आणावी लागली.

इथे थांबून "आपल्या माशीत धोका नाही" असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण विदर्भाच्या वाट्याला वाळूमाशीची वेगळीच देणगी आलेली आहे आणि तिच्यावर आमच्याच मातीचे नाव आहे. 1965 मध्ये नागपूर भागात तापाची साथ चालू असताना पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी दोन तापकऱ्यांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला आणि चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव दिले. तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो आणि अलर्काच्या, म्हणजे रेबीजच्या, विषाणूच्या कुळातला आहे. काटेकोर प्राणिशास्त्रात विषाणूला परजीवींच्या पंगतीत बसवत नाहीत, पण माशीच्या दृष्टीने दोघेही फुकटचे प्रवासीच. जवळजवळ चार दशके हा विषाणू कपाटातली एक नोंद म्हणून पडून होता. मग 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुले मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांतली 183 दगावली, आणि या साथीमागे चांदीपुरा असल्याचे उघड झाले. त्यानंतर गुजरातेत, 2007 मध्ये नागपूर विभागात आणि पुढेही विदर्भात तो दिसत राहिला. 2024 च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू नोंदले गेले, मुख्यतः गुजरातेत, आणि त्यांतल्या 64 जणांत चांदीपुरा निश्चित झाला.

या आजाराचा वेग भयंकर असतो. लहान मुलाला अचानक ताप भरतो, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत सगळे संपते. त्यावर लस नाही, नेमके औषध नाही. मूल लवकर दवाखान्यात पोहोचले तर झटके थांबवणे, मेंदूवरची सूज सांभाळणे, श्वास चालू ठेवणे एवढेच हाती असते. गावापासून तालुक्याचे अंतर आणि पावसाळ्यातला नाला ध्यानात घेतला तर "लवकर" या शब्दाला किती अर्थ उरतो, हे इथल्या आईबापांना विचारावे.

वाहक म्हणून इथे कोणती माशी? हा विषाणू महाराष्ट्रातल्या फ्लेबोटोमस माश्यांतून फार पूर्वीच, 1970 पर्यंत, सापडला होता. पण पुढे आंध्रातल्या आणि नागपूर भागातल्या सर्जेंटोमिया माश्यांतूनही तो वेगळा झाला. नागपूरचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या वंशाला पुस्तके पाली-सरड्यांची माशी म्हणून बाजूला ठेवतात आणि जो माझ्या कुप्यांत सर्वांत जास्त निघाला, तोही आता संशयितांच्या रांगेत आहे. शिवाय लीशमॅनियाची अडचण या विषाणूला नाही. पपातासीवरच्या प्रयोगांत तो मादीकडून थेट अंड्यांत उतरताना आणि नर-मादीच्या संगातून पसरताना दिसला आहे. म्हणून रक्ताला तोंडही न लावणारा नर विषाणू बाळगून असू शकतो, आणि एकही रुग्ण नसलेल्या गावात तो उकिरड्याच्या मातीतून पुढच्या पिढीत जाऊ शकतो. काळ्या आजाराच्या बाबतीत रुग्ण शोधून बरे करणे हा माशीला निःशस्त्र करण्याचा मार्ग आहे. चांदीपुऱ्यापुढे तो उपयोगी पडत नाही; तिथे भिंतीकडे आणि मातीकडेच वळावे लागते.

काळ्या आजाराच्या मुलखात फवारणी भिंतीवर सहा फुटांपर्यंतच करतात, कारण उड्या मारत चढणारी माशी बहुतेक त्याखालीच बसते. गल्लीत धुराचे यंत्र फिरवण्यापेक्षा भिंतीवर टिकणारे कीटकनाशक आणि बुजवलेल्या भेगा अधिक कामाच्या, असे माझे मत आहे. आमच्या गावात घरकुल योजनेतली सिमेंटची घरे आली, पण त्यांना लागून असलेले कोठे मातीचेच राहिले आणि उन्हाळ्यात लेकरे अजूनही अंगणात, कोठ्याच्या भिंतीशेजारी खाट टाकून झोपतात. मातीचे घर गेले म्हणून वाळूमाशी गेली असे कोणी समजू नये. सारवणाला दोष देण्याची माझी इच्छा नाही. भेग बुजवते ते सारवण चांगलेच. दोष त्या ओल्या भेगांचा आहे, ज्या गव्हाणीच्या मागे कोणी पाहतच नाही.

काकाजींना मी हे सगळे सांगितले, अर्थात इतके लांबण लावून नव्हे. त्यांच्या माशीत काळा आजार नाही, कारण गावात त्याचा रोगी नाही; चांदीपुरा असेल-नसेल हे माझा सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही, त्यासाठी विषाणूची प्रयोगशाळा लागते; आणि तोवर लेकरांच्या खाटा कोठ्यापासून दूर टाका, बारीक जाळीची मच्छरदाणी घ्या, उकिरडा भिंतीपासून हलवा. उकिरडा हलवायला ते तयार झाले नाहीत, कारण त्यांच्या मते शेणखताची जागा वडिलांनी ठरवलेली आहे. गव्हाणीमागच्या भेगा मात्र त्यांनी पोळ्याच्या आधी चुना मिसळलेल्या मातीने लिंपून घेतल्या, आणि काकूंनी उरलेले एरंडेल कंदिलाशेजारच्या फळीवर माझ्यासाठी वेगळे काढून ठेवले. पुढच्या पावसाळ्यात मी त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर पुन्हा कागद टांगणार आहे.